डॉक्टरांची नळी

पुणे शहराच्या ईशान्येस, मुळा-मुठा नदीच्या पलीकडच्या तीरावर येरवडा वसले आहे. एके काळी ते शहराबाहेरचे एक लहानसे गाव होते. आता ते शहराचाच एक गजबजलेला भाग झाले आहे. येरवडा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर प्रथम उभ्या राहतात त्या तेथील कारागृहाच्या उंच दगडी भिंती. स्वातंत्र्याच्या लढ्यात अनेक देशभक्तांनी या भिंतींआड आपल्या आयुष्यातील वर्षे घालविली. महात्मा गांधी हे त्यांपैकी एक होत.

१९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांना येरवड्यास आणण्यात आले. पुढे १९२४ च्या जानेवारी महिन्यात त्यांच्या पोटात दुखू लागले. अंगात तापही भरला. डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि आतड्याच्या टोकाशी असलेले आंत्रपुच्छ सुजले आहे, असे निदान केले. दुखणे जिवावर बेतणारे होते. म्हणून १२ जानेवारी रोजी गांधीजींना नदीपलीकडील ससून रुग्णालयात हलविण्यात आले. त्यांच्या विश्वासातील मुंबईच्या डॉक्टरांना बोलावणे गेले होते. परंतु ते येईपर्यंत थांबणे धोक्याचे होते. त्याच रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज शल्यवैद्याने शस्त्रक्रिया करण्याचे ठरविले.

शस्त्रक्रिया चालू असतानाच बाहेर वादळ सुटले आणि विजेचे दिवे गेले. परिचारिकेने हातातील विजेरी धरली. पण तीही विझली. अखेर कंदिलाच्या उजेडात कर्नल मॅडॉक यांनी उरलेले काम पुरे केले. गांधीजी वाचले. पुढे ५ फेब्रुवारी रोजी सरकारने त्यांची मुक्तताही केली.

ही हकीकत वाचताना दोन गोष्टी मनात येतात. पोटाच्या आतले चित्र पडद्यावर उमटविणारी ध्वनिलहरींची यंत्रे त्या काळी जगात कोठेही नव्हती. मग पोटाच्या आत काय बिघडले आहे, हे डॉक्टरांनी ओळखले कसे? त्यांनी ते डोळ्यांनी पाहून, हाताने चाचपून आणि रोग्याला प्रश्न विचारून ओळखले. दुसरी गोष्ट अशी की, ऐन वेळी विजेने दगा दिला, तेव्हा हातातले कसब आणि साधा कंदील यांनीच काम निभावले.

आज वैद्यकशास्त्राजवळ नाना तऱ्हेची यंत्रे आहेत. काही यंत्रे हाडांची छायाचित्रे घेतात, काही हृदयाची हालचाल पडद्यावर दाखवितात, तर काही रक्ताच्या थेंबावरून रोगाचा माग काढतात. असे असताना डॉक्टरांच्या गळ्यातली ती जुनी नळी, म्हणजे स्टेथॉस्कोप, अजून कामाची आहे काय? डॉक्टर ती खरोखर वापरतात, की केवळ डॉक्टरकीची खूण म्हणून गळ्यात अडकवितात? हा प्रश्न मोठमोठे डॉक्टरही एकमेकांना विचारीत असतात. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी ही नळी आली कोठून, हे पाहिले पाहिजे.

बाजारात मडके घेणारी बाई ते बोटाने वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला तर मडके चांगले; बद्द आवाज आला तर त्याला कोठेतरी चीर आहे, हे ती ओळखते. आत न डोकावता आतले जाणण्याची ही युक्ती होय. युरोपात औएनब्रुगर नावाच्या वैद्याने हीच युक्ती माणसाच्या छातीला लावली. त्याच्या वडिलांची खाणावळ होती आणि पिपे वाजवून त्यांत मद्य किती उरले आहे, हे तेथे ओळखीत असत. छातीवर बोटाने ठोकले असता निरोगी फुप्फुसावर पोकळ आवाज येतो आणि आत पाणी साचले असल्यास बद्द आवाज येतो, असे त्याने १७६१ साली पुस्तक लिहून दाखवून दिले. छातीतले मूळचे आवाज ऐकावयाचे असल्यास मात्र वैद्याला रोग्याच्या छातीला कान लावावा लागे. ही रीत प्राचीन ग्रीक वैद्यांनाही ठाऊक होती. परंतु ती अडचणीची होती. रोगी स्थूल असला तर नीट ऐकू येत नसे, आणि रोगी स्त्री असली तर वैद्याला व तिलाही संकोच वाटे.

१८१६ साली पॅरिसमधील नेकर रुग्णालयात रने लायनेक नावाचा पस्तिशीचा डॉक्टर काम करीत होता. त्याच्याकडे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. ती अंगाने स्थूल असल्यामुळे बोटाने ठोकूनही काही उमगेना. आणि तिच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना. इतक्यात त्याला एक साधी गोष्ट आठवली. लांब लाकडी तुळईच्या एका टोकाला कान लावला आणि दुसऱ्या टोकावर कोणी टाचणीने ओरखडले, तर तो बारीक आवाज कानाला स्पष्ट ऐकू येतो. लायनेकने जवळचे कागद घेतले, त्यांची घट्ट सुरळी केली, तिचे एक टोक रोग्याच्या छातीवर टेकविले व दुसऱ्याला आपला कान लावला. छातीला प्रत्यक्ष कान लावून कधी ऐकू आले नव्हते इतक्या स्पष्टपणे त्याला हृदयाचे ठोके ऐकू आले.

लायनेकला बासरी वाजविण्याचा छंद होता आणि लाकूड कातण्याचीही त्याला आवड होती. त्याने सुमारे एक फूट लांबीची लाकडी नळी स्वतः कातून तयार केली. ग्रीक भाषेत ‘स्टेथॉस’ म्हणजे छाती आणि ‘स्कोपेइन’ म्हणजे पाहणे. या दोन शब्दांवरून त्याने आपल्या साधनाला नाव दिले. साधन कानाचे आणि नाव मात्र पाहण्याचे! परंतु त्यात विसंगती नाही. बंद छातीच्या आत काय चालले आहे, हे त्याला कानांनी पाहावयाचे होते.

केवळ नळी करून तो थांबला नाही. जवळजवळ तीन वर्षे तो रोग्यांच्या छातीतील आवाज ऐकून टिपून ठेवीत राहिला. जे रोगी दगावत, त्यांच्या शरीराची मृत्यूनंतर तपासणी करून आपण ऐकलेल्या आवाजाचे खरे कारण काय होते, हे तो पडताळून पाही. अशा रीतीने कोणता आवाज कोणत्या रोगाचा, याचा जणू एक कोशच त्याने तयार केला व १८१९ साली तो प्रसिद्ध केला. दुर्दैवाने ज्या क्षयरोगाचा त्याने एवढा अभ्यास केला, त्याच रोगाने १८२६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो मरण पावला.

लायनेकची नळी एकाच कानाने ऐकण्याची होती. १८५२ साली न्यूयॉर्कमधील कॅमन या डॉक्टराने दोन्ही कानांनी ऐकता येईल अशी नळी तयार केली. आज डॉक्टरांच्या गळ्यात दिसते ती नळी तिचीच सुधारलेली वंशज होय. तिची रचना अगदी सोपी आहे. छातीवर ठेवावयाच्या टोकाशी एक पातळ, ताणून बसविलेली तबकडी असते. हृदयाच्या व श्वासाच्या कंपनांनी ती तबकडी थरथरते. तिच्यामुळे नळीतली हवा थरथरते आणि ती कंपने कानाच्या पडद्यापर्यंत पोचतात. मोकळ्या हवेत आवाज चहूकडे पसरतो व क्षीण होतो; नळीत मात्र त्याला पसरावयास जागा नसते, म्हणून तो जसाच्या तसा कानी येतो. काही नळ्यांना तबकडीच्या पाठीमागे घंटेच्या आकाराची लहान वाटी असते. बारीक, उंच आवाज तबकडीने चांगले ऐकू येतात, तर खोल, ढाले आवाज त्या वाटीने चांगले ऐकू येतात.

या नळीतून डॉक्टर नेमके काय ऐकतात? हृदयाला चार कप्पे असतात आणि रक्ताने एकाच दिशेने जावे म्हणून त्यांच्या वाटेवर झडपा असतात. हृदय आकुंचन पावू लागले की वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडपा मिटतात. तो पहिला आवाज. रक्त हृदयातून बाहेर पडल्यावर मोठ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात. तो दुसरा आवाज. ‘लब्-डब्, लब्-डब्’ असा जो ठेका ऐकू येतो, तो म्हणजे या दारांचे लागणे होय. मोठ्या माणसाचे हृदय स्वस्थ बसले असता मिनिटाला साठ ते शंभर वेळा हा ठेका धरते. लहान मुलांचे त्याहून जलद चालते. एखादी झडप नीट मिटत नसेल किंवा अरुंद झाली असेल, तर अर्धवट उघडलेल्या नळातून पाणी जाताना होतो तसा ‘सुऽऽ’ असा आवाज या ठेक्यात मिसळतो. अनुभवी कान तो लगेच टिपतो.

फुप्फुसांची भाषा वेगळी आहे. निरोगी फुप्फुसात श्वास घेताना पानांतून वारा जावा तशी मंद सळसळ ऐकू येते. दम्याच्या रोग्याच्या श्वासनलिका आकसलेल्या असतात, म्हणून त्यांतून शिटीसारखा आवाज निघतो. न्यूमोनियात फुप्फुसातील बारीक पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात; तेव्हा कानाजवळ केसांची बट बोटांत धरून चोळावी तशी बारीक चुरचुर ऐकू येते. आणि फुप्फुसाभोवती पाणी साचले तर त्या जागी आवाजच ऐकू येत नाही. ती शांतताच डॉक्टरांना सावध करते.

रक्तदाब मोजण्यासाठीही ही नळी उपयोगी पडते. दंडाला पट्टा बांधून त्यात हवा भरली की दंडातील रक्तवाहिनी दाबली जाते. हवा हळूहळू सोडताना ज्या क्षणी रक्त पुन्हा वाहू लागते, त्या क्षणी नळीत टक् टक् असा आवाज सुरू होतो. तो वरचा रक्तदाब होय. रक्तवाहिनी पुरती मोकळी झाली की आवाज थांबतो, तो खालचा रक्तदाब. ही रीत कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टराने १९०५ साली शोधून काढली.

येरवड्याशी या विषयाचा आणखी एक संबंध आहे. नगर रस्त्याच्या कडेला आगाखान राजवाडा उभा आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘छोडो भारत’ चळवळ सुरू होताच सरकारने गांधीजी, महादेवभाई देसाई इत्यादींना येथे स्थानबद्ध केले. कस्तुरबाही येथेच होत्या. एक आठवडा होतो न होतो तोच, १५ ऑगस्ट १९४२ रोजी महादेवभाईंचे हृदय एकाएकी बंद पडले. डॉ. सुशीला नायर जवळ होत्या. तथापि त्यांच्या प्रयत्नांना यश आले नाही. त्या वेळी महादेवभाईंचे वय अवघे पन्नास वर्षांचे होते.

पुढे १० फेब्रुवारी १९४३ रोजी गांधीजींनी याच राजवाड्यात एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. तेव्हा त्यांचे वय त्र्याहत्तर वर्षांचे होते. कलकत्त्याहून डॉ. बिधनचंद्र रॉय आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर हे स्वतः राजबंदी म्हणून येरवड्याच्या कारागृहात होते. त्यांनाही राजवाड्यात आणण्यात आले. सरकारी डॉक्टरही होते. एका बाजूस सरकारचे अधिकारी आणि दुसऱ्या बाजूस सरकारचे बंदी, असे हे डॉक्टर. पण रोग्याच्या बिछान्याशी ते एकत्र उभे राहिले. गांधीजींच्या प्रकृतीचे वर्तमान त्यांच्या सह्यांनिशी प्रसिद्ध होई आणि सारा देश त्याची वाट पाही. २१ फेब्रुवारीस दुपारी चार वाजता गांधीजींना मोठी मळमळ होऊन ग्लानी आली. नाडी हाताला लागेनाशी झाली. मोसंबीचा थोडा रस घातलेले पाणी घेतल्यावर ते हळूहळू सावरले. ३ मार्च रोजी उपोषण सुखरूप पार पडले.

मात्र कस्तुरबांचे हृदय दिवसेंदिवस दुबळे होत गेले. डॉ. गिल्डर व डॉ. नायर यांनी त्यांची शर्थीने शुश्रूषा केली. परंतु २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांनी गांधीजींच्या मांडीवर प्राण सोडला. राजवाड्याच्या आवारात महादेवभाई व कस्तुरबा यांच्या समाध्या शेजारी शेजारी आहेत. दुखणे ओळखता येणे आणि दुखणे बरे करता येणे यांत किती अंतर असते, हे त्या समाध्या सांगतात. नळीने दुखणे कळते. ते टळतेच असे नाही.

नळीच्या मर्यादा जसजशा ध्यानात येऊ लागल्या, तसतशी नवी यंत्रे निघाली. १८९५ साली रंटगेन यांनी क्ष-किरण शोधले. हृदयातील विद्युत्‌प्रवाहाची नोंद करणारे यंत्र आइंटहोवेन यांनी तयार केले व त्याबद्दल त्यांना १९२४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर व हर्ट्‌झ यांनी कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीवर सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून हृदयाची हालचाल टिपली. आज ते यंत्र इतके लहान झाले आहे की, ते खिशात मावते व मोबाईलच्या पडद्यावर हृदयाच्या झडपा उघडताना-मिटताना दाखविते.

म्हणून काही डॉक्टर म्हणतात, “नळीचा काळ आता संपला. आवाजावरून तर्क करण्यापेक्षा झडप डोळ्यांनी पाहावी हे बरे.” त्यांचे म्हणणे पोकळ नाही. १९९७ साली अमेरिकेत शिकाऊ डॉक्टरांची एक परीक्षा घेण्यात आली. हृदयाचे बिघडलेले आवाज त्यांना ऐकविले, तेव्हा पाच आवाजांपैकी सरासरी एकच आवाज त्यांना बरोबर ओळखता आला. २००७ साली कंबोडिया व मोझांबिक या देशांतील शाळकरी मुलांची तपासणी प्रसिद्ध झाली. सांधेतापामुळे मुलांच्या हृदयाच्या झडपा कधी कधी खराब होतात. अशी मुले शोधताना नळीने जितकी सापडली, त्याच्या सुमारे दहापट मुले ध्वनिलहरींच्या यंत्राने सापडली. म्हणजे कितीतरी मुलांचे दुखणे नळीला कळलेच नव्हते. जे साधन दहांतील नऊ मुलांना निरोगी म्हणून घरी पाठविते, त्याचा फाजील अभिमान बाळगून चालणार नाही.

मग नळी टाकून द्यावी काय? दुसऱ्या बाजूचे डॉक्टर म्हणतात, “थांबा.” त्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. पहिली गोष्ट अशी की, यंत्र महाग असते आणि नळी स्वस्त असते. यंत्राला वीज लागते; नळीला लागत नाही. ससून रुग्णालयातील त्या वादळी रात्रीसारखा प्रसंग आजही पावसाळ्यात दुर्गम गावच्या आरोग्य केंद्रात येऊ शकतो. दिवे गेले तरी छातीची धडधड थांबत नाही आणि नळीही थांबत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या देशापुरती आहे. ध्वनिलहरींच्या यंत्राने आईच्या पोटातील मूल मुलगा आहे की मुलगी, हे पाहता येते. त्याचा दुरुपयोग करून मुलींना जन्मण्यापूर्वीच नाहीसे करण्याचे क्रूर प्रकार घडू लागले. त्यांना आळा घालण्यासाठी प्रथम महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला व १९९४ साली तो देशासाठी झाला. त्यामुळे असे यंत्र, मग ते कितीही लहान असो, नोंदणी केल्यावाचून ठेवता येत नाही. ते खिशात टाकून घरोघर हिंडता येत नाही. हे बंधन योग्यच आहे. पण म्हणूनच परदेशातील डॉक्टरांना जे यंत्र सहज खिशात बाळगता येते, ते येथील डॉक्टरांना तसे बाळगता येत नाही. नळीला मात्र कसलाही परवाना लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक खोकल्याला यंत्र लावणे शक्य नसते व आवश्यकही नसते. येरवड्यासारख्या वस्तीतल्या एखाद्या लहान दवाखान्यात पावसाळ्याच्या संध्याकाळी डोकावून पाहावे. बाकावर दाटीवाटीने माणसे बसलेली असतात. आजीच्या मांडीवर तापाने फणफणलेले मूल असते. डॉक्टर नळीची तबकडी क्षणभर तळहातावर धरून ऊबदार करतात, म्हणजे ती मुलाला गार लागत नाही. मग सदरा वर करून ते ती पाठीवर टेकवितात आणि म्हणतात, “बाळ, मोठा श्वास घे. आता सोड.” उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा, वर एकदा, खाली एकदा. अर्ध्या मिनिटात ते ठरवितात की, हा साधा सर्दीखोकला आहे, की छातीत चुरचुर आहे. साधा खोकला असेल तर मूल औषध घेऊन घरी जाते. चुरचुर असेल तर डॉक्टर क्ष-किरण छायाचित्रासाठी चिठ्ठी देतात किंवा सरळ मोठ्या रुग्णालयात पाठवितात. कोणाला यंत्राकडे धाडावे आणि कोणाला धाडू नये, हे सांगणारा पहिला पहारेकरी म्हणजे ही नळी होय.

सर्वच डॉक्टर तिचा सारखाच उपयोग करतात, असे मात्र नाही. डोळ्यांच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांना तिची क्वचितच गरज पडते. अत्यवस्थ रोग्यांच्या दालनात हृदयाचे ठोके पडद्यावर अखंड दिसत असतात. तरी श्वासनलिकेत घातलेली नळी योग्य जागी बसली की नाही, हे पाहताना डॉक्टर छातीच्या दोन्ही बाजू ऐकतात. मुलांचे डॉक्टर, छातीचे व हृदयाचे डॉक्टर आणि गल्लोगल्लीचे कुटुंबाचे डॉक्टर यांच्या हाती ती दिवसभर असते. घाईघाईने जाड सदऱ्यावरून नळी टेकवून उचलणारेही काही असतात. अशा ऐकण्यात कापडाची खसखसच अधिक ऐकू येते. दोष तेथे नळीचा नसतो. शिवाय एका रोग्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाणारी तबकडी प्रत्येक वेळी पुसली नाही, तर तीच रोगजंतू वाहून नेते. म्हणून दक्ष डॉक्टर ती स्पिरिटने पुसूनच पुढच्या रोग्याला लावतात.

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा नळीची कसोटीच लागली. महाराष्ट्रातील पहिले रुग्ण मार्च महिन्यात पुण्यातच आढळले व त्यांना नायडू रुग्णालयात ठेवण्यात आले. डॉक्टरांना डोक्यापासून पायांपर्यंत संरक्षक पोशाख घालावा लागे. कान झाकलेले असल्यामुळे नळी कानात घालणे कठीण झाले. रोग्याजवळ वाकणेही धोक्याचे ठरले. त्या वेळी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील एका गटाने तयार केलेला विद्युत् स्टेथॉस्कोप उपयोगी आला. तो छातीतील आवाज मोठा करून बिनतारी मार्गाने दूर उभ्या असलेल्या डॉक्टरांपर्यंत पोचवितो. तो आवाज साठवून ठेवता येतो व दुसऱ्या गावच्या तज्ज्ञालाही ऐकविता येतो. लायनेकच्या कागदी सुरळीने काळानुसार नवा वेष घेतला. काम मात्र तेच राहिले.

तात्पर्य, डॉक्टर आजही नळी बाळगतात व वापरतातही. मात्र पूर्वी निवाडा देण्याचे काम तिच्याकडे होते. आता तिच्याकडे पहिली चौकशी करण्याचे काम आहे. शेवटचा निवाडा पुष्कळदा यंत्रे देतात. यात नळीचा अपमान नाही. ज्याला नळी नीट ऐकता येते, त्यालाच यंत्र केव्हा व कशासाठी लावावे हे कळते. आणि ज्याचा कान तयार नाही, त्याच्या गळ्यातली नळी सोन्याची असली तरी ती मुकीच राहते.

नळी लावण्यासाठी डॉक्टरांना रोग्याजवळ यावे लागते, वाकावे लागते आणि क्षणभर स्वतः गप्प राहावे लागते. त्या क्षणी दवाखान्यातली बोलणी थांबतात. आजीही श्वास रोखून बसते. आपले कोणीतरी लक्षपूर्वक ऐकत आहे, हे त्या तापलेल्या मुलालाही उमगते. लायनेकने दोनशे वर्षांपूर्वी कागदाच्या सुरळीने सुरू केलेले हे ऐकणे अजून चालू आहे.

स्वाध्याय

१. गांधीजींवरील शस्त्रक्रियेच्या वेळी कोणती अडचण आली? ती कशी निभावली?

२. मडके वाजवून घेणे आणि छातीवर बोटाने ठोकणे यांत कोणते साम्य आहे?

३. ‘साधन कानाचे आणि नाव मात्र पाहण्याचे’ असे का म्हटले आहे?

४. कारणे द्या : (अ) ध्वनिलहरींचे यंत्र आपल्या देशात नोंदणीवाचून ठेवता येत नाही. (आ) डॉक्टर तबकडी स्पिरिटने पुसतात.

५. नळीच्या बाजूने व नळीच्या विरुद्ध मांडलेले मुद्दे लिहा. तुम्हांला कोणते पटतात, ते कारणांसह सांगा.

६. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : जिवावर बेतणे, दगा देणे, आळा घालणे, कसोटी लागणे.

७. करून पाहा : वहीच्या जाड कागदाची घट्ट सुरळी करा. तिचे एक टोक मित्राच्या छातीच्या डाव्या बाजूस टेकवा व दुसऱ्याला कान लावा. एका मिनिटात ठोके किती पडतात ते मोजा. मित्राला मैदानाला एक फेरी मारून येण्यास सांगा व पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहून त्यांतील फरकाचे कारण वर्गात सांगा.